सरी आणि वरंबा

माझ्या दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात पुस्तकांच्या शेजारी तबकड्यांची एक लहानशी ओळ आहे. घरी येणाऱ्या मंडळींची मी या ओळीवरून मनातल्या मनात परीक्षा करीत असतो, हे कबूल करावयास हरकत नाही. काहींना ती दिसतच नाही. काही जण 'वा! अजून जपून ठेवल्यात!' असे म्हणतात आणि त्या कपाटात जपून ठेवलेली आणखी एक वस्तू म्हणजे मीच आहे, अशा नजरेने माझ्याकडे पाहतात. तिसरा वर्ग फार थोड्यांचा. विचारल्यावाचून हात घालून तबकडी बाहेर काढणाऱ्यांचा. हे लोक उद्धट असतात खरे, परंतु मला तेच अधिक आवडतात.

परवा या तिसऱ्या वर्गातील एक तरुण प्राध्यापक माझ्याकडे आला होता. त्याने वीस-पंचवीस तबकड्यांतून नेमकी एक काढली, पाकिटातून बाहेर घेतली आणि दिव्यासमोर आडवी धरली.

"सर, ही तर वाकडी झाली आहे. वाजते का?"

"वाजते. पण नीट नाही."

"मग ठेवली कशाला?"

प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे नसले म्हणजे व्याख्यान द्यावे, ही आम्हा मास्तर लोकांची जुनी युक्ती आहे. मी तिचाच आश्रय केला आणि तबकड्या कशा तयार होतात, या विषयावर त्याला सुमारे पाऊण तास बसवून ठेवले. बिचारा चहा थंड करून घेऊन निघून गेला. त्याला व्याख्यान मिळाले, उत्तर मात्र द्यावयाचे राहून गेले. ते आता येथे देण्याचा विचार आहे. परंतु सवयीचा गुलाम असल्यामुळे व्याख्यानही थोडेफार ऐकावे लागेल, ही सूचना वाचकांना आधीच देऊन ठेवतो.

ती तबकडी किशोरीताई आमोणकरांची. एका अंगास भूप, दुसऱ्या अंगास बागेश्री. माझ्या वडिलांनी ती कशी घेतली, किती महिने पैसे बाजूला टाकून घेतली, हे मला ठाऊक नाही. कारण असल्या गोष्टी सांगण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. अण्णा सांगलीस पाटबंधारे खात्यात कारकून होते. घराणे कृष्णाकाठचे, शेतकऱ्याचे. त्यांच्या बोलण्यात क्रियापदे तेवढी असत. विशेषणांवर त्यांनी आयुष्यात फारसा खर्च केला नाही. 'ऊठ', 'बस', 'वाच', 'जेव' एवढ्या भांडवलावर त्यांनी तीन मुलांचा संसार निभावून नेला. घरात चैनीची म्हणावी अशी एकच वस्तू होती, ती म्हणजे 'फिएस्टा' नावाचा एक लहानसा ग्रामोफोन. रविवारी सकाळी स्नान झाल्यावर अण्णा तो उघडीत. हात धुतल्याशिवाय तबकडीस शिवावयाचे नाही, ती दोन्ही तळव्यांनी कडेवर धरावयाची, मखमलीच्या तुकड्याने एकदा पुसावयाची, असे सारे सोवळे त्यांनी घालून दिले होते. गाणे ऐकण्याची त्यांना विलक्षण आवड. गळा मात्र देवाने दिलेला नव्हता. न्हाणीघरात ते भूप गुणगुणत तेव्हा त्यांचे सूर असे काही डळमळत की, आम्ही भावंडे तोंडावर हात धरून हसत असू.

१९८१ सालच्या मे महिन्यातील गोष्ट. मी अकरा वर्षांचा होतो. तबकडी उजेडात तिरपी धरली म्हणजे तिच्यावर गाणे 'दिसते', असा शोध मला नुकताच लागला होता. जेथे स्वर संथ तेथे चऱ्या सारख्या नि काळ्याभोर. जेथे ताना सुटल्या तेथे पृष्ठभाग किंचित करडा, चमचमता. हा शोध शेजारच्या मित्राला दाखविण्यासाठी मी ती भूप-बागेश्रीची तबकडी खिडकीशी नेली. तेवढ्यात कोणीतरी नदीवर पोहावयास निघाल्याची हाक आली. तबकडी खिडकीच्या पत्र्यावर राहिली आणि आम्ही धूम ठोकली. सांगलीचा मे महिना, दुपारचे ऊन आणि त्यात काळा रंग! तीनच्या सुमारास परत येऊन पाहतो तो, निखाऱ्यावर धरलेल्या पापडाप्रमाणे ती एका अंगाने वर उचलली गेलेली.

सहा वाजता अण्णा आले. त्यांनी तबकडी पाहिली, मला पाहिले, आणि काहीच बोलले नाहीत. भिंतीवरच्या दोन तसबिरींच्या काचा त्यांनी काढल्या, त्या दोहोंच्या मध्ये ती ठेवली आणि वर आईचा पाटा उचलून आणून ठेवला. पुढे चार दिवस घरात चटणी वाटली गेली नाही. पाचव्या दिवशी पाटा निघाला. तबकडी पूर्वीपेक्षा सपाट दिसत होती, परंतु सुई टेकविताच ती पुराच्या पाण्यातील होडीसारखी वरखाली होऊ लागली आणि किशोरीताईंचा षड्ज, ज्यावर माणसाने घर बांधावे असा तो षड्ज, हेलकावे खाऊ लागला. अण्णांनी सगळी बाजू उभ्याने ऐकली. मग तबकडी पाकिटात घातली. त्यानंतर रविवारी इतर तबकड्या लागत. ती माझ्यासमोर पुन्हा कधी लागली नाही. त्यांनी मारले असते तर बरे झाले असते. २०१४ साली ते वारले. मधल्या तेहतीस वर्षांत हा विषय आम्हा दोघांमध्ये एकदाही निघाला नाही, आणि अण्णांनी मला क्षमा केलेली नाही, ही माझी खात्री दर वर्षाबरोबर पक्की होत गेली.

आता व्याख्यान. माझी मुलगी नोकरीच्या निमित्ताने जर्मनीत हनोव्हर येथे राहते. गेल्या वर्षी तिच्याकडे गेलो असता हे शहर म्हणजे तबकड्यांची पंढरी आहे, याची मला आठवण झाली. सपाट, फिरती तबकडी आणि तिच्यावर आवाजाची रेघ, ही कल्पना ज्याची, तो एमिल बर्लिनर १८५१ साली याच शहरी जन्मला. पुढे तो अमेरिकेस गेला, १८८७ साली त्याने ग्रामोफोनचा हक्क नोंदविला आणि १८९८ साली तबकड्या छापण्याचा कारखाना निघाला तो पुनः या त्याच्या जन्मगावी. १९०२ च्या हिवाळ्यात फ्रेड गाइसबर्ग नावाचा तज्ज्ञ कलकत्त्यास उतरला, त्याने गौहर जानचे गाणे मुद्रित केले, ते मुद्रण समुद्रमार्गाने हनोव्हरला आले, आणि छापलेल्या तबकड्या पुढल्या साली हिंदुस्थानात परत गेल्या. गाण्याच्या शेवटी गौहर जान इंग्रजीत आपले नाव पुकारी. ते का, तर हनोव्हरच्या कारागिरांना कोणत्या तबकडीवर कोणाचे नाव चिकटवावे हे कळावे म्हणून, असे सांगतात. ज्या ठुमरीवर रसिक मान डोलावीत, तिच्या शेवटी हा पत्ता लिहिल्यासारखा उच्चार ऐकून आज हसू येते. पण त्यावाचून भलत्याच बाईच्या नावावर ती ठुमरी गेली असती! १९०८ साली कलकत्त्यास सियालदा येथे कारखाना निघाला आणि हा वनवास संपला.

त्या काळच्या तबकड्या लाखेच्या असत, आणि ती लाख तरी कुठली? आमच्याच छोटा नागपूरच्या रानातील पळस आणि कुसुंब या झाडांवरच्या किड्यांची. तीत दगडाची भुकटी आणि काजळी मिसळून तबकडी दाबून काढीत. ती हातून पडली की फुटे. १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने व्हिनिलची दीर्घ तबकडी काढली. ती मिनिटाला साडेतेहतीसच्या जरा खाली, म्हणजे तेहतीस आणि एक-तृतीयांश फेरे घेई, एका बाजूस वीस-बावीस मिनिटे चाले आणि पडली तरी फुटत नसे. मात्र साठ-सत्तर अंशांची ऊब लागली की ती मऊ पडते, ही गोष्ट खिडकीच्या पत्र्यावरून मला कळली, पुस्तकातून नव्हे.

हनोव्हरपासून काही अंतरावर एका लहान गावी तबकड्यांचा एक कारखाना आहे. मुलीच्या ओळखीने तो पाहावयास मिळाला. आमच्यासारखे हौशी म्हातारे तेथे वरचेवर येत असावेत. कारण दाखवावयास आलेल्या वयस्क बाईंनी मला काय काय पाहावयाचे आहे, हे मी न सांगताच ओळखले. केस पांढरे, अंगात निळा झगा, आणि हातांवर रसायनांचे जुने डाग. चाळीस वर्षे त्या हेच काम करीत होत्या.

प्रथम त्यांनी कोरण्याचे यंत्र दाखविले. आरशासारखी गुळगुळीत अशी अॅल्युमिनियमची एक थाळी असते, तिच्यावर नायट्रोसेल्युलोजच्या रोगणाचा थर दिलेला. ती फिरू लागली की माणकाची अथवा नीलमण्याची एक अणकुचीदार सुई तिच्यावर टेकते. सुई तापविलेली असते, म्हणजे चर स्वच्छ कापली जाते. कापताना केसाहून बारीक असा काळा दोरा निघत राहतो, आणि एक नळी तो लगोलग ओढून घेते. हा दोरा फार ज्वालाग्राही. बंदुकीच्या कापसाचाच सख्खा चुलतभाऊ. २०२० च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातील बॅनिंग येथे अशा थाळ्या करणारा एक मोठा कारखाना जळून खाक झाला, तेव्हा साऱ्या जगास पुरवठा करावयास जपानातील एक लहानसा कारखाना तेवढा उरला होता. एवढ्या मोठ्या धंद्याचा जीव एवढ्याशा कुडीत असावा, याचा मला अचंबा वाटला.

ही चर पाहिल्यावर मला एकदम उसाचे शेत आठवले. आमच्याकडे ऊस सरी-वरंब्यावर लावतात. नांगराने ओढलेली ती सरी, दोन सऱ्यांच्या मधला उंचवटा तो वरंबा. येथे मात्र सबंध शेतात सरी एकच! बाहेरच्या बांधापासून निघून ती फेरे घेत घेत मध्याशी पोहोचते. बावीस मिनिटांची बाजू धरली तर सातशे तेहतीस फेरे झाले. मधला फेरा सुमारे पासष्ट सेंटिमीटरचा. म्हणजे अर्ध्या किलोमीटरला थोडीशी कमी अशी ही वाट, एका भोजनपात्राएवढ्या जागेत गुंडाळलेली. (माझा विषय इंग्रजी, तेव्हा गुणाकार वाचकांनी एकवार तपासून घ्यावा.) त्या सरीच्या दोन भिंती पंचेचाळीस-पंचेचाळीस अंशांत उतरत्या असतात. डाव्या कानाचे गाणे आतल्या भिंतीवर, उजव्या कानाचे बाहेरच्या, आणि दोहोंच्या मधून जाणारी सुई ती दोन्ही एकदम वाचते. खर्जाचे स्वर कोरताना सुईला फार झोके घ्यावे लागतात. ती शेजारच्या सरीत घुसावयाची. म्हणून कोरताना खर्ज मुद्दाम दाबतात, तार स्वर मुद्दाम चढवितात, आणि वाजविणारे यंत्र बरोबर त्याच्या उलट करून मूळ गाणे परत देते. किती दाबावयाचे आणि किती चढवावयाचे, याचा ठराव १९५४ च्या सुमारास सर्वांनी मिळून केला. म्हणजे तबकडीवर जे लिहिलेले असते, ते गायकाने गायिलेले नसते. ऐकणारा ते उलट वाचील, या भरवशावर लिहिलेले असते. आणखी एक गंमत त्या बाईंनी सांगितली. बाहेरच्या फेऱ्यात सुईखालून सेकंदाला पन्नास सेंटिमीटर वाट सरकते, मध्याशी जेमतेम वीस. गाण्याला जागा कमी पडत जाते ती शेवटाकडे. आणि आमच्या गायनात तर द्रुत तेथेच येते!

मग आम्ही मुलाम्याच्या खोलीत गेलो, आणि येथून माझे टिपण लिहिणे थांबले.

कोरलेली थाळी इतकी नाजूक की तिच्यावरून तबकड्या छापता येत नाहीत. म्हणून ती धुऊन तिच्यावर कथिलाच्या क्षाराचा हात देतात आणि मग चांदीचा फवारा मारतात. डोळ्यांदेखत ती काळी थाळी आरसा होते. हा आरसा निकलच्या द्रावणात काही तास फिरत ठेवला आणि त्यातून वीज सोडली, म्हणजे चांदीवर निकलचा पत्रा चढत जातो. पुरेसा जाड झाला की तो थाळीपासून सोलून काढतात. या सोलण्यात मूळ थाळी बहुधा वाया जाते. गायकाच्या आवाजाने जिच्यावर प्रत्यक्ष सरी ओढली, ती वस्तू येथेच संपली. हाती राहतो तो निकलचा पत्रा, आणि त्याच्यावर सारे उलटे: जेथे सरी होती तेथे वरंबा.

"याला आम्ही पिता म्हणतो," बाई म्हणाल्या.

हा पिता फार टणक आणि फार मोलाचा. त्याच्यावरून थेट छपाई करता येते, पण तो झिजला तर पुनः मिळावयाचा कोठून? म्हणून त्याच्यावर एका क्षाराचा अतिसूक्ष्म लेप देतात, तो अशासाठी की पुढचा पत्रा त्याला कायमचा चिकटून बसू नये. मग त्यालाही निकलच्या पाण्यात सोडतात. त्याच्या अंगावर दुसरा पत्रा चढतो, आणि सोलल्यावर त्याच्यावर वरंब्याच्या जागी पुनः सरी उमटलेली असते. ही माता. मातेपासून याच रीतीने तिसरा पत्रा, पुनः वरंब्यांचा. हा छापाचा ठसा. जर्मन कारागीर त्याला पुत्र असेही म्हणतात. एका मातेपासून असे कित्येक ठसे निघतात, एका ठशावर हजाराच्या आगेमागे तबकड्या छापल्या की तो थकतो. पिता मात्र एक-दोन माता दिल्यावर पाकिटात घालून कपाटात ठेवून देतात. बाईंनी ते कपाट उघडून दाखविले. सगळे पिता ओळीने उभे होते, पाठीवर आकडे लिहिलेले.

मी सहज विचारले, "यांच्यावर काय कोरले आहे ते ऐकता येते का?"

"पित्यावरचे? नाही. त्याच्यावर नुसते वरंबे. साधी सुई त्यावर उभी राहणार कशी?" त्या हसल्या. "ऐकावयाचे तर मातेवर ऐकावे लागते."

आणि खरोखरच पलीकडे एका बंद खोलीत एक मुलगी कानांना यंत्र लावून माता ऐकत बसली होती. कोठे 'टक्' असा आवाज आला की ती सूक्ष्मदर्शकाखाली ती जागा शोधते आणि टोकदार हत्याराने तेथील निकलचा कण अलगद काढून टाकते. सारा दिवस तिचे हेच काम. आम्ही काचेबाहेर उभे असताना तिने एकदाही वर पाहिले नाही.

उपमा फार ताणू नये, हे मी तीस वर्षे मुलांना सांगत आलो आहे. म्हणून मी पुढे चालू लागलो.

छपाईच्या दालनात गोंगाट फार. व्हिनिलचे काळे दाणे एका तोंडातून आत जातात आणि दुसऱ्या तोंडातून मऊ, वाफाळता गोळा बाहेर येतो. त्याला ते लोक बिस्किट म्हणत. मला तो पोळीत भरावयाच्या पुरणासारखा दिसला. त्याच्या वर एक आणि खाली एक अशी नावाची चकती ठेवतात. चकतीला डिंक लावीत नाहीत; ती आधी भट्टीत खडखडीत वाळवितात आणि छपाईच्या उष्णतेनेच ती तबकडीच्या अंगात बसते. कागदात दमट अंश राहिला तर तेथे फोड येतो. मग दोन ठसे वरखालून मिटतात. आत वाफ खेळत असते, वर शंभरांहून अधिक टनांचा भार. गोळा पसरत पसरत प्रत्येक वरंब्याच्या कुशीत शिरतो. लगेच वाफ बंद होऊन थंड पाणी सुटते. अर्ध्या मिनिटाच्या आसपास सारे आटोपते. कडेला पोळीसारखी बाहेर आलेली झालर एक पाते कापून टाकते, आणि ती पुनः दळावयास जाते. मी पाहत होतो. जी ऊब तबकडीला जन्म देते तीच थोडी अवेळी मिळाली की तिचा घात करते, एवढेच काय ते माझ्या बालपणीच्या अपराधाचे शास्त्र होते.

ताज्या तबकड्या एका दांड्यावर एकावर एक रचून ठेवीत होते, आणि काही तबकड्यांच्या अंतराने मध्ये धातूची एक जड, सपाट चकती घालीत होते.

"हे कशाला?"

"पूर्ण निवेपर्यंत त्या वाकू नयेत म्हणून. वजन लागते."

आईचा पाटा माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला. कृष्णाकाठच्या एका कारकुनाने कोणताही कारखाना न पाहता नेमके हेच केले होते. उशीर तेवढा झाला होता. मी बाईंना माझी गोष्ट सांगितली आणि विचारले, की अशी तबकडी सरळ होऊ शकेल काय? त्यांनी खोटी आशा लावली नाही. दोन काचांमध्ये ठेवून मंद उष्णता दिली तर पुष्कळशी सपाट होईल, असे त्या म्हणाल्या. परंतु सरी एकदा ताणली गेली ती ताणली गेली. दिसावयास नीट, ऐकावयास तीच.

त्या रात्री मी सांगलीस आईला फोन केला. ती आता पंचाऐंशीच्या घरात आहे, धाकट्या भावाकडे असते. परदेशातील कोणतीही गोष्ट सांगितली की ती 'तिथं थंडी आहे का' एवढेच विचारते. या खेपेस मात्र तिने पिता, माता, पुत्र, सारे नीट ऐकून घेतले, आणि मग विचारले,

"तिथं आपली ती तबकडी सरळ करून देतात का रे?"

कोणती, हे विचारावे लागले नाही. तिला ती आठवत असेल, हे मात्र माझ्या ध्यानीमनी नव्हते. कारखान्यातल्या बाईंनी सांगितले ते मी सांगितले.

"मग राहू दे," ती म्हणाली. "नाहीतरी यांना ती तशीच पाठ झाली होती."

"म्हणजे?"

"रविवारी तू शिकवणीला गेलास की लावायचे की. कितीतरी वर्षं. मी म्हणायची, अहो, त्याच्यादेखत लावा एकदा. तर म्हणायचे, नको. लावली की पोराचं तोंड उतरतं." ती जरा थांबली. "आणि न्हाणीघरात गुणगुणायचे बघ, तेही तसंच. तो सूर हलायचा ना, तिथं तिथं हलवायचे."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ खिडकीशी उभा होतो. अण्णांचा तो भूप मी न्हाणीघराच्या दाराबाहेरून वीस-पंचवीस वर्षे ऐकला होता. ते बेसूर गातात, अशी माझी समजूत होती.